काजळी मऊ राहावी म्हणून

काका,

आज सकाळी बाथरूममध्ये खोबरेल तेलाची बाटली थिजलेली दिसली आणि तुम्ही आठवलात. बाटली गरम पाण्याच्या मगात उभी केली आणि ते तेल पातळ होईपर्यंत तिथेच टबच्या काठावर बसून राहिले. लेक दाराबाहेरून विचारत होती, "आई, आर यू ओके?" मी हो म्हटलं. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, आम्ही शिकागोजवळचं नेपरव्हिल सोडून पार पश्चिमेला बॉथेलला येऊनही जमाना झाला, तरी थिजलेलं खोबरेल दिसलं की मला केस आठवत नाहीत, तुमची बंदूक आठवते. आता हे घरात कुणाला सांगू? म्हणून तुम्हालाच लिहायला बसलेय.

तेव्हा मी डिपेंडंट व्हिसावर होते, नोकरी करता येत नव्हती. नागपूरहून केमिस्ट्रीत एम.एस्सी. करून आले होते आणि नेपरव्हिलच्या त्या घरात नवऱ्याची शिकागोची गाडी गेली की दिवसभर खिडकीशी बसून दुसऱ्यांचे ड्राइव्हवे बघत होते. तुमचं घर दोन घरं सोडून. काकू जाऊन वर्षही झालं नव्हतं. कुणाकडे तरी गणपतीच्या जेवणाला तुम्ही माझ्या शेजारी ताट घेऊन बसलात आणि ओळखपाळख सोडून थेट विचारलंत, "केमिस्ट्री ना तुझी? मग दिवसभर करतेस काय?" मी म्हटलं, काहीच नाही. "मग गुरुवारी चल माझ्याबरोबर नेमबाजीला. डबा आण. माझ्या हातचं खाल्लंस तर परत येणार नाहीस." घरी येताना नवरा गाडीत म्हणाला, "यार, काका रायफल चालवतात? सेफ आहे ना?" मला सेफ-बिफ काही नको होतं, मला त्या घरातून बाहेर पडायचं होतं.

मक्याच्या शेतांपलीकडचं ते नेमबाजीचं मैदान. तुम्ही गाडीतून उतरायच्या आधीच बजावलंत, "बंदुकीला हात लावायचा नाही, काडतुसाला नाही, दारूच्या डब्यालाही नाही. तुझ्या व्हिसावर चालत नाही ते. उद्या लफडं झालं तर तुझा नवरा मला जाब विचारेल." म्हणून माझ्याकडे दुर्बीण आणि थर्मामीटर. तुम्ही पहिला बार काढलात, पांढऱ्या धुराचा लोट आणि फटाक्यांचा वास आला, आणि मला एकदम घरच्या अंगणातली लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ आठवली. माझा चेहरा बघून तुम्ही हसलात. तुमचंही तसंच झालं होतं म्हणे. या देशातल्या पहिल्याच वर्षी, दिवाळी कधी आली आणि गेली हे कळलंही नव्हतं, तेव्हा रस्त्याने जाताना कुठूनतरी हा वास आला. तुम्ही गाडी थांबवलीत आणि नेमबाजीच्या मैदानाच्या कुंपणाशी जाऊन उभे राहिलात. पुढे ती जुनी काळ्या दारूची बंदूक घेतलीत, आणि काकू सगळ्यांना सांगत राहिल्या की यांनी फटाक्यांसाठी बंदूक घेतली.

तुम्ही शिकवलेलं मला अजून पाठ आहे. काळी दारू जळली की नळीत काजळी धरते. हवा दमट असेल तर ती मऊ राहते आणि पुढची गोळी सरळ जाते. हवा कोरडी झाली, थंडी पडली की काजळी कडक होते आणि तीच बंदूक, तीच दारू, तोच हात असूनही गोळी भरकटते. उपाय दोन. एक म्हणजे गोळीला लावायचं वंगण आणि दुसरा आपला श्वास. एका रिकाम्या पितळी काडतुसाला रबरी नळी जोडलेली. बार झाला की ते मागून बंदुकीत बसवायचं आणि सावकाश श्वास सोडायचा, म्हणजे आपल्या तोंडची वाफ काजळीला लागते. मी तिला फुंकणी म्हणायला लागले आणि मग तुम्हीही. वंगण चांगलं असेल तर फुंकायचे कष्ट कमी. आणि वंगणापाशीच तुमचं घोडं अडलं होतं. मैदानावरचे सगळे म्हातारे मेंढीची चरबी वापरायचे आणि तुम्हालाही आग्रह करायचे. तुम्ही मला मराठीत सांगितलंत, "एकदा आणली होती. ही म्हणाली, माझ्या भांड्यात चरबी वितळवलीत तर घरात सत्तावन्न सालचं बंड होईल. शब्द दिलाय मी तिला." काकू राहिल्या नव्हत्या. शब्द तसाच होता. तुम्ही मधमाशांच्या मेणात खोबरेल कालवत होतात.

ऊब होती तोवर ते छान चाललं. मग पानं गळली, आणि एका गुरुवारी तुमच्या गोळ्या पुठ्ठ्यावर चहूकडे जायला लागल्या. तुम्ही दारू कमी करून बघता, वाढवून बघता, मी दुर्बिणीतून सांगतेय, "काका, डावीकडे. आता खाली." गोळीवरचं वंगण तुम्ही नखाने खरवडता आणि त्याचा भुगा पडतो. मी म्हणते, "काका, खोबरेल थिजलंय हो." इतकी वर्षं बर्फात राहून तुमच्या हे ध्यानात आलं नव्हतं, कारण डोक्याला लावायचं तेल काकू कोमट करून द्यायच्या. तुम्ही फुंकणी तोंडाला लावलीत, अर्ध्यातच सोडलीत आणि बाकावर बसलात. ओठ निळसर दिसत होते. जरा वेळाने म्हणालात, "तू फुंक. फुंकणी म्हणजे बंदूक नव्हे." तुम्ही बंदूक धरलीत, मी दोन्ही हात मागे बांधले, वाकले आणि फुंकले. पुढची गोळी मधोमध गेली.

परतताना गाडीत तुम्ही सांगितलंत की फुप्फुसं आखडत चालली आहेत, डॉक्टरांकडे औषध नाही. "मुलाला कळवू नकोस. कळलं की तो कॅलिफोर्नियाहून येऊन मला घेऊन जाईल आणि बंदूक विकून टाकेल. मला फुंकावं लागणार नाही असं वंगण सापडलं, तर अजून एखादं वर्ष निघेल." तोवर मला वाटत होतं तुम्ही हट्टी आहात. त्या रात्री मला फार रडू आलं आणि नवऱ्याला कारण सांगता येईना.

थंडीत न थिजणारं, आणि कुणाच्या स्वयंपाकघरात चालणारं तेल. शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूच्या देशी दुकानात मेथी निवडताना वरच्या फळीवर एरंडेल दिसलं आणि मी तिथेच हसले. तुमच्या ओट्यावर, काकूंच्याच पातेल्यात, तुम्ही ते मेणात कालवलंत. "आईने पाजलं तेव्हा बादलीभर शिव्या घातल्या होत्या," म्हणालात. डिसेंबर लागला होता, गवतावर दहिवर कडक झालं होतं. तुम्ही न फुंकता बार काढत गेलात आणि मी दुर्बिणीत भोकं बघत राहिले, एकमेकांना चिकटलेली. "काका, सगळी एकाच जागी," मी सांगितलं. तुम्ही टोपी काढलीत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "पातेलं बाटलं नाही हो तुझं."

वर्ष निघालं, काका. एक हिवाळा, एक उन्हाळा. पुढच्या हिवाळ्यात हॉस्पिटलमध्ये नर्स तुम्हाला म्हणत होती, डीप ब्रेथ, वन मोर. मुलगा येऊन बसला होता, भला माणूस होता. तुम्ही मास्क बाजूला करून मला विचारलंत, "हवा कशीय बाहेर?" मी म्हटलं, "कोरडी. कडाक्याची थंडी." तुम्ही म्हणालात, "मग फुंकावं लागेल." मी वाकले होते, माझे हात सवयीने मागे गेले होते, आणि तिथे फुंकायला काही नव्हतं. इतका श्वास होता माझ्यापाशी. तुम्हाला देता आला नाही याचं दुःख अजून कमी झालेलं नाही.

बंदूक मुलाने मैदानावरच्याच एका म्हाताऱ्याला दिली. तुला काय हवं, म्हणाला. मी फुंकणी मागितली. आता मी इथली नागरिक आहे, बंदूक घेऊ शकते, पण घेतली नाही. इथे बॉथेलमध्ये वर्षातले बरेच महिने हवा ओली असते. तुम्ही इथे असतात तर तुम्हाला फुंकावंच लागलं नसतं, हे पावसात गाडी चालवताना कितीदा मनात येतं.

हे पत्र कुठे टाकणार? मगातलं पाणी गार झालंय, तेल वितळलंय, लेकीला आता वेणी घालून हवी आहे. फक्त एक सांगते. फुंकणी मी अजून धुतलेली नाही. लक्ष्मीपूजनाला सगळे बाहेर पणत्या मांडत असले की कपाटातून काढते आणि तोंडाला लावते. फुंकत नाही. श्वास आत ओढून घेते.