बोयाभोवतीची राहिलेली फेरी

आये,

आज सकाळी धरणावर एक मुलगी बोयाभोवती गोल फिरली आणि दुपारी मला जेवण गेलं नाही. एवढ्यावरून तुला काही कळायचं नाही, म्हणून नीट सांगते. मी आता मुलांना शिडाच्या होड्या चालवायला शिकवते, त्याच पाण्यावर, जिथं तू मला पहिल्यांदा होडीत बसलेलं बघितलंस. आज आमच्या टीमची निवड होती. बारा मुलं आणि जागा चार. पाण्यात तीन बोये, म्हणजे मोठाले तरंगते गोळे, टाकलेले असतात, त्यांना वळसे घालत शर्यत करायची, आणि नियम असा की होडी बोयाला नुसती घासली तरी तिथंच एक पूर्ण गोल फेरी मारायची, मगच पुढं जायचं. पंच काही प्रत्येक होडीच्या मागे फिरत नाही. आपल्याला कळलं की आपणच फिरायचं. ही मुलगी तिसरी होती. तिची होडी कधी लागली ते मी बघितलं नाही, पंचांनी नाही, मागच्या मुलांनीही नाही. ती आपली आपण फिरली, तेवढ्यात तिघंजण पुढं निघून गेले आणि ती सहावी आली. काठाला आल्यावर मी तिला शाबास म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "टॉवेल घे, सर्दी होईल," आणि दोर गुंडाळायला निघून गेले.

तुला जाऊन बारा वर्षं झाली. तुझ्याशी बोलावं असं पुष्कळदा वाटलं, पण कागद घेऊन बसले ती आजच. तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. पण ती एकदम नाही सांगता येत. आधी थोडं तुझ्याबद्दल लिहू दे, म्हणजे हात सैल होईल.

तुझ्याइतका वारा कळणारं माणूस मला नंतर भेटलं नाही. आणि मी बरीच माणसं बघितली, मनगटावर मोठाली घड्याळं आणि मोबाइलवर पुढच्या तीन दिवसांचं हवामान घेऊन फिरणारी. तुझं सगळं शिक्षण आपल्या खळ्यावर झालं. मला अजून दिसतं. मी आठ-नऊ वर्षांची आहे, झोडणी आटोपली आहे, भाताची रास पडली आहे आणि उफणायला वारा नाही. शेजारच्या खळ्यावरच्या काकी सूप आपटून वाऱ्याला शिव्या घालतायत. तू उफणायच्या लाकडी घोडीवर उभी आहेस, डोळे मिटून, आणि मान हळूहळू इकडून तिकडं फिरवतेस. मी विचारते, काय करतेस? "दोनी कानांना सारका लागला का समजायचा, आपला तोंड वाऱ्याकडं हाय." मग तू डोळे उघडून खालच्या बांधावरच्या गवताकडं बघतेस आणि म्हणतेस, "आला." आलेलं काहीच नसतं. मी मनात आकडे मोजायला लागते, आठापर्यंत पोचते, आणि माझ्या परकराची कड हलते. तोवर तुझं सूप डोक्याच्या वर गेलेलं असतं. फोल पलीकडं उडतं, दाणा सरळ तुझ्या पायाशी पडतो. काकींना वारा लागतो तेव्हा त्या अजून सूप शोधत असतात. पुढं होडी शिकवणाऱ्या सरांनी पहिल्या दिवशी आम्हाला शिकवलं की लांब पाण्यावर काळपट डाग पळताना दिसला तर तो वारा आहे. मला हसू आलं. मला वाटलं, एवढंच ना, हे तर आपलं बांधावरचं गवत आहे.

तू मला धडा दिलास तो आवणीत. तेव्हा मी अकरा वर्षांची. आज त्यांच्याकडं, उद्या आपल्याकडं, अशा सावडीत शेजारच्या काकांच्या खाचरात आपण पाच-सहा बायका-मुली रोपं लावत होतो आणि मी ठरवून सगळ्यांच्या आधी माझी ओळ संपवली. काकांनी सगळ्यांदेखत माझं कौतुक केलं. मी फुगले. दुसऱ्या दिवशी सकाळी तू मला चहाच्या आधी उठवून त्या खाचराच्या बांधावर नेऊन उभं केलंस. पाण्यावर रोपं तरंगत होती, नीट न रोवलेली, मुळं वर. मी म्हटलं, कुणाचीही असतील, आम्ही बऱ्याचजणी होतो. तू ओरडली नाहीस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं. "कोनाची ती काकांना म्हायती नाय," तू म्हणालीस, "तुला म्हायती हाय ना?" मग साडी खोचून तू स्वतः चिखलात उतरलीस आणि मी तुझ्या मागे. एकेक रोप उचलून अंगठ्यानं खोल दाबायचं. माझी ओळ संपल्यावर मी वर यायला लागले तर तू बाजूच्या ओळीतलीही चार-पाच बसवलीस, ती कुणाची हे न विचारता. काकांना याचा पत्ता कधीच लागला नाही. घरी आल्यावर तू मला चहाबरोबर दोन बटर जास्त दिलेस आणि ती गोष्ट पुन्हा कधी काढली नाहीस.

दोन वर्षांनी किन्हवलीच्या शाळेत मुंबईहून ते सर आले, ट्रेलरवर सहा होड्या लादून. पांढऱ्या, चौकोनी नाकाच्या, एकट्या मुलानं चालवायच्या. पाण्याला कोण घाबरत नाही, असं त्यांनी विचारल्यावर मी हात वर केला. आपल्या आळीत सगळ्यांच्या भुवया वर गेल्या. एक आजी तुला म्हणाली, पोरगी उन्हात काळी होईल, मग कोण करून घेईल तिला? तू भांडी घासता घासता म्हणालीस, "आता काय गोरी हाय ती?" तेवढ्यावर तो विषय संपला. 

आणि त्या तुझ्या वाकळेच्या पट्ट्या. वारा जोराचा असला की होडी कलते, मग कडेवर बसून अंग बाहेर झोकून द्यावं लागतं. पहिल्या आठवड्यात माझ्या मांड्यांवर मागून काळेनिळे वळ उठले. तू ते बघितलेस आणि जुन्या वाकळेचा कोपरा कापून माझ्या हाफपँटला मागून दोन जाड पट्ट्या शिवल्यास. शहरातल्या मुलांकडं विकतचे रबरी पट्टे होते. माझी वाकळ पाणी प्यायली की इतकी जड व्हायची की काठावर मी बदकासारखी चालायचे, आणि सगळी हसायची. मी घरी येऊन रडले. तू पट्ट्या उसवल्यास, आतून खताच्या पिशवीचं प्लास्टिक घातलंस, बारीक टाके घालून पुन्हा शिवल्यास. त्यात पाणी शिरेना. महिन्याभरानं सरांनी विचारलं, हे कुणी शिवलं, आणखी दोन जोड मिळतील का? तुला सांगितलं तर तू लाजून चुलीकडं तोंड केलंस. मी एकदा तुला म्हटलं होतं, चल, होडीत बसवते. तू म्हणालीस, "नको गो बाय, माजा पानी गुडग्याएवडा."

निवडीच्या दिवशी मात्र तू आलीस. कापणी अर्धी टाकून आलीस, हे मला नंतर कळलं. काठावर उंबराखाली पदर डोक्यावर ओढून बसलीस, मांडीवर भाकरीचं फडकं. तेव्हाही जागा चारच होत्या. निवड झाली की मुंबईला राहायची सोय, समुद्रावर सराव, परराज्यातल्या स्पर्धा. मला ते फार हवं होतं. माझ्याइतकंच ते आणखी एकीला हवं होतं, डोंगरावरच्या पाड्यातल्या माझ्या मैत्रिणीला. आम्ही दोघी बरोबर शिकलो, बरोबर उलटलो, तुझ्या फडक्यातली भाकरी अर्धी अर्धी खाल्ली. ती माझ्यापेक्षा कमी बोलायची आणि माझ्यापेक्षा नीट सुकाणू धरायची.

शेवटचा लाल बोया तुझ्या उंबरासमोरच होता. मी चौथी, ती माझ्यामागे पाचवी. बोयाशी पोचते तोच वारा मेला. पाणी आरशासारखं झालं. होडी पुढं जाण्याऐवजी हळूहळू बाजूला सरकत गेली आणि बोयाला लागली. फार नाही, नुसती टेकली. माझ्या नडगीला ते कळलं. बोया कलंडला, डुलला, पुन्हा सरळ झाला. मी मागे बघितलं. मैत्रीण माझ्या शिडाच्या आड होती, तिला दिसलं नसणार. सरांची होडी लांब, शेवटच्या रेषेवर. वारा नसताना एक गोल फिरायला किती वेळ लागतो ते मला ठाऊक होतं. तेवढ्यात ती पुढं गेली असती, आणि कदाचित तिच्या मागचीही. मी फिरले नाही. सुकाणू धरून बसून राहिले. मग लांबवर पाणी काळपट झालं आणि मी मनात म्हटलं, आला. तुझाच शब्द. मी शीड आधीच ओढून तयार होते, ती नव्हती. अर्ध्या होडीच्या अंतरानं मी चौथी आले.

घरी परतताना तू पुढं, मी मागे, बांधावरून चाललो होतो. मी एकसारखी बडबडत होते. मध्येच तू मागे न बघता विचारलंस, "तो लाल गोळा हालला का गो?" मी म्हटलं, "लाट आलेली." तू म्हणालीस, "बरं." आणि पुढच्या बांधावर पाय टाकलास.

त्यानंतर तू सगळ्यांना सांगत फिरलीस, हे खरं. आटगावला मला लोकलमध्ये बसवायला आलीस तेव्हा फलाटावरच्या अनोळखी बाईलाही सांगितलंस की माझी पोरगी होडीच्या टीममधी हाय. पण जायच्या आधीच्या आठवड्यात तू पुन्हा वाकळ कापायला बसलीस. नव्या पट्ट्या, पहिल्यापेक्षा चांगल्या, काठाला लाल दोरा. मी समजले, माझ्यासाठी. तू त्या घेऊन डोंगर चढून पाड्यावर गेलीस आणि माझ्या मैत्रिणीला देऊन आलीस. मला राग आला. मी म्हटलं, तिला कशाला, ती टीममध्ये कुठं आहे? तू हातपाय धूत होतीस. "आसू दे," म्हणालीस, "तिच्या कामाला येतील." मला वाटलं, तुला नियमच कळले नाहीत. तुला हेसुद्धा कळलं नाही की ती आता होडीत बसणार नाही.

ती बसलीही नाही. पुढच्या वर्षी सर आमच्याकडं आलेच नाहीत आणि तिच्या घरी पुढं विचार करणारं कुणी नव्हतं. मी मात्र पाच वर्षं टीममध्ये राहिले, पदकं आणली, आज जे काही खाते ते त्या चौथ्या जागेचं खाते. त्यानंतर मी बोयाला तीनदा लागले आणि तिन्ही वेळा फिरले, कुणी बघत असो नसो. लोक मला फार प्रामाणिक म्हणतात. मी ऐकून घेते.

मैत्रीण आता मुरबाडच्या आठवडी बाजारात रानभाजी विकते. पावसाळ्यात शेवळं, कोरळ, मग काकड्या, मग वाल. मी दर बाजारी तिच्याकडूनच घेते. ती नेहमी एक जुडी जास्त टाकते आणि म्हणते, "तुज्या आयेनं मला लय जीव लावला." तुझ्या त्या दोन पट्ट्या एकमेकींना जोडून तिनं बसकर केलंय. लाल दोरा फिका पडलाय, पण एक टाका सुटलेला नाही. त्या बसकराकडं बघूनच मला इतक्या वर्षांनी कळलं की तू पाड्यावर कशाला गेली होतीस. माझ्या ओळीतलं तरंगलेलं रोप तू जमेल तेवढं खोचून आली होतीस. आणि मला बांधावर नेऊन उभं केलं नाहीस, कारण या वेळी मी आपली आपण तिथं जाईन असं तुला वाटलं असणार. तू त्यानंतर किती वर्षं जगलीस, आये. दर दिवाळीला मी घरी यायचे. तू कधी विचारलं नाहीस, आणि मी तुझ्या हातचं जेवून परत जायचे.

तर ती राहिलेली गोष्ट ही. लाट नव्हती. वारा पडलेला असताना लाट कुठून येईल, हे मी कुणाला सांगत होते? सगळ्या तालुक्यात तुझ्याइतका वारा कुणाला कळत नव्हता, आणि मी तुलाच सांगितलं. मी लागले होते. मला फिरायला हवं होतं आणि मी फिरले नाही.

आजच्या त्या मुलीला उद्या बोलावून शाबास म्हणेन. तेवढं जमेल. तुला लिहिणंही जमलं, कारण तू काही उलट विचारणार नाहीस. पण हे ज्या बाईला सांगायचं, ती जिवंत आहे, तुझ्या वाकळेवर बसते, आणि बाजार परवा आहे. मागच्या बाजारीही मी सगळं ठरवून गेले होते. तिनं विचारलं, "काय गो, आज गप का?" मी म्हटलं, वाल दे अर्धा किलो.