लाल बासनातला खून

ब्रह्माघाट, वाराणसी
बुधवार

ती. मैत्रेयीताईस,

सुमंतचा नमस्कार. सुरुची आणि मी इथे बरे आहोत आणि पुण्यात तुम्हीही सगळे बरेच असाल असं धरून चालतो. (असं धरून चालणं बरोबर नाही. भावजींच्या पाठीचं काय झालं ते जरूर कळव.) तुझ्या आईची, म्हणजे कालिंदीमावशीची, तब्येत उत्तम आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन मात्र काल झालं नाही. ते पुढे गेलं, आणि त्याला कारण मी आहे. घाबरू नकोस. फोन मुद्दाम केला नाही, कारण फोनवर तू आधी रागावतेस आणि मग ऐकतेस. पत्रात मला निदान शेवटापर्यंत जाता येतं. लिहून झालं की पानांचे फोटो काढून पाठवीन.

आमची वाचनभिशी तुला ठाऊक आहेच. इथल्या मराठी घरांनी चिठ्ठी काढायची आणि ज्याचं नाव निघेल त्याने महिन्याभरासाठी प्रत्येक घराला एकेक पुस्तक आणून द्यायचं. अर्धी कथा-कादंबऱ्यांची, अर्धी माहितीची. या खेपेला माझं नाव निघालं. मराठी पुस्तकं बनारसमध्ये मिळवणं म्हणजे काय, हे तुला पुण्यात बसून कळणार नाही. इथल्या लंका भागातल्या पुस्तकांच्या दुकानदाराने मला पाहताच आवराआवर सुरू केली. शेवटी एका निवृत्त प्राध्यापकांनी घर आवरताना कपाट उघडून दिलं आणि ताई, मला काय घेऊ आणि काय ठेवू असं झालं. मधमाश्या पाळण्यावरचं एक, दक्षिण ध्रुवाच्या प्रवासाचं एक, खेड्यातल्या सुईणीच्या आठवणी, एका लग्नात रुसलेल्या सगळ्यांच्या गोष्टी, ताऱ्यांवरचं एक आणि एक जाडजूड रहस्यकथा. प्रत्येकाची सुरुवात मी तिथेच उभ्याने वाचली. रहस्यकथेचं शेवटचं पान मात्र उघडलं नाही. शेवट आधी बघणं मला अप्रामाणिक वाटतं. (हा प्रामाणिकपणा पुढे किती महागात पडला ते येतंच आहे.)

आता अडचण अशी की आमच्याकडे माहितीच्या पुस्तकांना कुणी हात लावत नाही. रहस्यकथेच्या वेष्टनावर पिस्तूल धरलेली बाई होती. ती बाई दिसली असती तर मधमाश्यांकडे कुणी पाहिलं असतं? म्हणून सगळ्यांना सारखं नशीब मिळावं या विचाराने मी वेष्टनं काढून ठेवली, सुरुचीकडून लाल सुती कापडाचे चौकोन कापून घेतले आणि प्रत्येक पुस्तक त्यात बांधलं. सुरुची म्हणाली, "पोथ्या वाटायला निघालात की काय?" मला ते कौतुक वाटलं.

महिना होत आला तेव्हा मी अभिप्राय विचारायला निघालो. वासुदेवशास्त्र्यांनी मला हाताला धरून देवघरात नेलं. चौरंगावर मधमाश्या होत्या, लाल बासनात, वर हळदकुंकू आणि ताजं झेंडूचं फूल. "सुमंतराव, ग्रंथ जागृत आहे हो," ते हळू आवाजात म्हणाले. "आल्यापासून गुडघा दुखत नाही." मी विचारलं, उघडून पाहिलात का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चपला न घालताच बाहेर आलो. पुढच्या घरी दक्षिण ध्रुवाला रोज पंचामृत. त्याच्या पुढे सुईणीच्या आठवणींना उदबत्ती. सगळं गाव माझी पुस्तकं पूजत होतं, ताई, आणि एकाही गाठीला कुणी हात लावला नव्हता. गाठ सोडून सांगावं की ही पोथी नाही, तर शास्त्र्यांचा गुडघा पुन्हा दुखेल. न सांगावं, तर मी फसवणूक करतो आहे. यावर डायरीत बरंच लिहून झालं आहे, निर्णय नाही.

उघडलं ते फक्त मावशीने. पोथी घरात आली की पारायण करायचं, या एका विचाराने. स्नान करून, तुपाचा दिवा लावून, पाटावर बसून रोज एक प्रकरण, मोठ्याने. नैवेद्याला खडीसाखर. तिच्या वाट्याला काय आलं होतं हे तू ओळखलंच असशील. पहिल्याच दिवशी लाकडाच्या वखारीच्या मालकाचा खून झाला. मावशी डगमगली नाही. "पुराणांत काय कमी माणसं मरतात?" म्हणाली. गल्लीतल्या बायका हात जोडून ऐकायला बसू लागल्या. ही पोथी नव्हे हे तिला दोन दिवसांत कळलं, पण संकल्प तो संकल्प. मधलं प्रकरण गाळायचं नाही, पुढचं चाळायचं नाही, आणि सांगता झाल्याशिवाय उठायचं नाही. मीही ऑफिसला जाण्याआधी दाराशी बसू लागलो. (वखारीच्या मॅनेजरबद्दल तेव्हापासून माझं मत वाईट आहे.)

काल सकाळी ई-रिक्षा उभी करून मी तिला न्यायला गेलो. शेवटचं प्रकरण चाललं होतं. डिटेक्टिव्हने सगळ्यांना वखारीत गोळा केलं, बोट उचललं आणि म्हणाला, "खुनी आहे..." मावशीने पान उलटलं. पुढे पुठ्ठा. पानंच नाहीत.

"मी नाही येत," मावशी म्हणाली.

मी पुष्कळ समजावलं. ती म्हणाली, "उघड्या डोळ्यांनी सुरू केलंय, उघड्या डोळ्यांनीच संपवीन. डॉक्टरचा हात हलला तर मला वाचून कोण दाखवणार? तू? तुझ्या आवाजाने मला झोप येते रे." हॉस्पिटलला फोन केला तर तिथल्या बाई म्हणाल्या, "माताजी का कौन-सा पाठ बैठा है?" मी म्हटलं, "बस, समापन बाकी है." हे खोटं नव्हतं. खरं होतं असंही छातीवर हात ठेवून म्हणवत नाही.

संध्याकाळी मी स्वतःच शेवट लिहून काढला आणि सापडला म्हणून वाचायला बसलो. दोन वाक्यांत तिने हात वर केला. "हे तुझं आहे. यात खुनी माफी मागतोय."

डॉक्टर पुढच्या मंगळवारी तयार आहेत. मोतीबिंदू पिकला आहे, आणखी थांबू नका म्हणतात. मी पानं तपासून घेतली असती तर आज तिचा डोळा बरा होण्याच्या वाटेवर असता. मुलांना आशीर्वाद, भावजींना नमस्कार.

तुझा,
सुमंत

ता. क. – पिस्तूलवाल्या बाईचा फोटो सोबत आहे, त्यावर पुस्तकाचं नाव दिसेल. तुझ्या घराजवळच्या वाचनालयात जाऊन शेवटच्या पानांचे फोटो काढ आणि सुरुचीला पाठव, मला नको. तू स्वतः वाचू नकोस. व्हिडिओ कॉलवर मावशी तुझ्या तोंडावरून ओळखेल.

ता. क. दुसरा – वरचा मजकूर रद्द समज. सुरुची आत्ता मावशीकडून आली. तिथे देव उजळायला घेतले होते, तर अन्नपूर्णेच्या आसनाखाली घडी घातलेली छापील पानं निघाली. तीच. सुरुचीने मावशीच्या नकळत ती होती तशी ठेवली. म्हणजे पुस्तक मी आणलं तेव्हा पूर्ण होतं! (हे लिहिताना मला जो आनंद झाला तो बरा नव्हे.) तुझी आई घाबरली आहे, ताई, आणि तसं म्हणायची तिची रीत नाही. तेव्हा पानं नकोत. तू ये. सोमवारी रात्रीपर्यंत पोच. पट्टी बांधली की शेवटचं प्रकरण तू वाच. तुझ्या आवाजाने तिला झोप येत नाही. पानं तीच काढून देईल, कुठून आली हे विचारू नकोस.

ता. क. तिसरा – मी ती पानं पाहिलेली नाहीत. सुरुचीने मोबाइलवर आसनाचा फोटो दाखवला तेव्हा घडीतून एक ओळ दिसली, एवढंच. मॅनेजर नाही. हे तुला सांगायला नको होतं.