अंगठा धरला की उठायचं

मेडशी, मंगळवार

प्रिय सपना,

फोन न करता पत्र लिहितोय म्हणून घाबरू नकोस. तुझी निकिता बरी आहे, जेवते-खाते, नागपूरच्या दवाखान्यातल्या तुझ्या रात्रपाळ्या कधी संपतात ते विचारते. पण फोन लावला की ती कान टवकारून बाजूलाच बसते, आणि हे तिच्यासमोर बोलण्यासारखं नाही. दीड महिन्यापासून पोरीचं लक्षण मला ठीक दिसत नव्हतं. मला वाटलं, दोष त्या योगावाल्या बाईचा आहे.

वैभवी नाव तिचं. रिसोडहून एसटीने येते, आठवड्यातून दोनदा शाळेच्या पटांगणात पोरांना योग शिकवते आणि फी घेत नाही. माझा स्वभाव तू जाणतेस, मी ताकही फुंकून पिणारा माणूस. फुकट शिकवणारी बाई पोरांच्या डोक्यात काय भरते, कोणाची प्रार्थना म्हणून घेते, हे गावात कोणी विचारत नव्हतं. निकिता घरी येऊन मांजरासारखी पाठ फुगवायची, कान बंद करून थ्रेशरसारखी घूं घूं करायची. तिथवर मी हसलो. मग ती जमिनीवर ताठ पडून राहू लागली. हाक मारली तरी ओ नाही. दुपारी मी जरा टेकलो की गुपचूप येऊन माझ्या पायाचा अंगठा धरायची आणि मी दचकून उठलो की टक लावून बघायची. आपल्या घरात करणी-भानामती कोणी मानत नाही, आबांनी कधी मानूच दिलं नाही. पण खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात पाल चुकचुकली.

शेवटी शुक्रवारी शेळी शोधायचं निमित्त करून शाळेच्या भिंतीआड उभा राहिलो. अंगणवाडीतल्या हिरीबाईने बरोबर पकडलं. म्हणाली, "काय भाऊ, शेळी हरपली का भरोसा हरपला?" मी मान उंचावून पटांगणात बघितलं. प्रार्थना वगैरे काही नव्हती. बाई पोरांना वाऱ्यातली तूर करून एका पायावर डोलवत होती, बेडूक करून धापा टाकेपर्यंत उड्या मारायला लावत होती. मग सगळ्यांना उताणं झोपवलं. हा म्हणे शवासनाचा खेळ. बाई दबक्या पावलांनी फिरते, ज्याचा अंगठा धरला त्याने उठायचं, तोवर हलायचं नाही. एकेक पोरगं खिदळत उठत होतं. निकिता तेवढी हसत नव्हती. उठली तशी ती बाईच्या मागे मागे गेली आणि बाई अंगठा कसा धरते, कुठे दाबते, ते वाकून बघत राहिली.

खेळ संपल्यावर बाई माझ्याकडे आली. मी भांडायच्या तयारीत होतो. तिनेच खालच्या आवाजात विचारलं, घरात इतक्यात कोणी गेलं का? म्हटलं, हो, वडील गेले, तीन महिने झाले. तेव्हा तिने सांगितलं की खूप दिवस झोपलेल्या माणसाला उठवायचं तर अंगठा किती जोरात धरावा, असं निकिता तिला दर वेळी विचारते. आबा गेले तेव्हा तू बसमध्ये होतीस आणि पोर दारात उभी होती. मीच तिला म्हणालो होतो, "आबा झोपले बाई, गलबला नको करू." पुढे ते दुरुस्त करायचं राहून गेलं. खरं म्हणजे माझी हिंमत झाली नाही.

काल तिला जवळ घेऊन सांगायला बसलो. ती सरकून बसली आणि म्हणाली, "मामा, तुमी आबाचे आंगठे काहून बांधले व्हते? बांधल्यावर ते उठतीन कसे?" सपना, मयताचे अंगठे बांधायची रीत, म्हणून मी बांधले, आणि तिने ते दारातून पाहिलं होतं. मी त्या बाईवर संशय घेत फिरलो, आणि इकडे माझ्याच घरात सहा वर्षांची पोर तीन महिने माझ्यावर संशय धरून होती. आबा झोपले नव्हते, मेले होते, असं सांगितलं तर म्हणते, "तुमीच तं झोपले म्हनत व्हते." तिच्यापुढे आता माझा शब्द चालत नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. तू रोज माणसं जाताना बघतेस, तुला असं बोलता येतं. रजा काढून ये. माझी बाजू घेऊ नकोस, मामा खोटं बोलला हे तिला स्वच्छ सांग. पण अंगठे सुटे असते तरी आबा उठले नसते, एवढं तिला तुझ्या तोंडून ऐकू दे.

तुझाच दादा,
संघदीप