हलवू नका

सोमवार, ३

रुजू झाले एकदाची! पन्नाशीच्या बाईला कोण नोकरी देतंय, म्हणणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून. स्टुडिओ तिसऱ्या मजल्यावर आहे. मोठाल्या खिडक्या, भरपूर उजेड, आणि चहाचं मशीन चक्क चालू. काम एकच: इथलं थ्रीडी ग्राफिक्सचं सॉफ्टवेअर दिवसातून आठ-दहा वेळा बंद पडतं, ते पडायचं थांबवायचं. मालकांना सगळे 'थोरले' म्हणतात. ते म्हणाले, एका फर्निचरवाल्याची जाहिरात आठ महिने अडकून पडलीय, चोवीस तारखेला द्यायचीय, तेवढी सोडवा. मी म्हटलं, डाव्या हाताचा मळ आहे.

ही रोजनिशी जाहिरातीच्याच फोल्डरमध्ये ठेवतेय. काय केलं, किती वाजता केलं, पुढे काय झालं, सगळं टिपून ठेवायची माझी जुनी खोड. त्यात चार ओळी घरच्याही येणार, चालायचंच.

ताईला फोन केला. माझी मोठी बहीण. घरात आम्ही दोघीच. म्हणाली, पोचली का यंत्रांची सुईण कामावर? आणि डबा विसरलीस म्हणून वर झापलंही.

बुधवार, ५

जाहिरात साधी आहे. कॉम्प्युटरमध्ये बांधलेलं चार दारांचं घर. कॅमेरा पुढच्या दारातून आत येतो, खोल्या बघत लांबलचक पॅसेजमधून जातो आणि टोकाच्या चौथ्या दारासमोर थांबतो. एकूण तेराशे फ्रेम. कॉम्प्युटर एकेक फ्रेम रंगवत जातो, त्याला रेंडर म्हणतात. चौथं दार दिसायला लागलं, की बरोब्बर १२१२व्या फ्रेमला धप्प! प्रोग्रॅम बंद. त्या दारामागे काही बांधलेलंसुद्धा नाही. कॅमेरा आत जातच नाही, तर कशाला बांधतील?

ड्रायव्हर नवे टाकले. धप्प. रॅम बदलली. धप्प. ग्राफिक्स कार्ड तापतंय का बघितलं, धूळ पुसली, नवा पंखा बसवला. धप्प. असा हट्टी पेशंट मला फार आवडतो.

माझ्या आधी हे काम 'काका' बघायचे. आठ महिन्यांपूर्वी भर दुपारी इथेच खुर्चीत बेशुद्ध झाले, ते अजून दवाखान्यातच आहेत, डोळे उघडत नाहीत. हे मला रंगवालीने सांगितलं. रंगवाली म्हणजे माझ्या शेजारी बसून भिंती-फरश्यांना रंग देणारी मुलगी. तोंडाचा पट्टा अखंड चालू, पण मनाने चांगली आहे.

शुक्रवार, ७

इथली एक गंमत. गिऱ्हाइकाचं फर्निचर हाती यायला उशीर होतो, तोवर खोल्या ओक्याबोक्या दिसतात. म्हणून जो तो आपल्या घरची वस्तू घेतो, फोनने चहूबाजूंनी फोटो काढतो, आणि त्यांतून सॉफ्टवेअर तीच वस्तू जशीच्या तशी उभी करतं. या स्कॅनना इथे 'भरती' म्हणतात. थोरल्यांची जुनी पेटी आहे, रंगवालीची मांजर उशीवर झोपलेली आहे. आणि एकेकाचा जीव केवढा त्यात! वस्तूंची नावं बघावीत: 'हात लावशील तर याद राख', 'माझं आहे', 'हलवू नका', 'खरंच हलवू नका'. कुणी कुणाचं ऐकत नाही, सगळे खुशाल हलवतात.

मीही भरती आणली, ताईची वेताची खुर्ची. ताई तिच्यात डुलकी काढत होती, उठवायचं जिवावर आलं. तिच्यासकट चाळीस फोटो काढले, नंतर खुर्ची ठेवून तिला पुसून टाकलं. घाईत डावा हात राहून गेला, नुसता पंजा, खुर्चीच्या दांड्यावर. रंगवाली हसून हसून बेजार झाली. म्हटलं, राहू दे गं, भरतीच तर आहे. पॅसेजमध्ये ठेवून दिली.

बुधवार, १२

सापडलं! सापडलं!

मशीन निर्दोष, म्हणजे दोष घरात. मग माझा हातखंडा उपाय काढला. निम्म्या वस्तू काढायच्या आणि रेंडर लावायचा. पडला तर दोष उरलेल्यांत, नाही पडला तर काढलेल्यांत. मग त्यातल्या निम्म्या. असं अर्धं-अर्धं करत गेलं, की हजार वस्तूंतली नेमकी एक दहा फेऱ्यांत हाताशी येते. वस्तू निवडली, की तिच्याभोवती नारिंगी रेघ उमटते. बटण दाबलं, की वस्तू जाते.

दहाव्या फेरीला नारिंगी रेघ चौथ्या दाराच्या मागे उमटली. दार लपवून बघितलं, तर पलीकडे एक माणूस उभा. कुणाचं तरी अख्खं स्कॅन! चौकड्यांचा शर्ट, बाह्या वर सरकवलेल्या, कपाळ दाराला टेकलेलं, दोन्ही तळवे दारावर दाबलेले, पाय मागे रोवलेले. दार ढकलून धरल्यासारखा. काय बाई एकेकाचे विनोद! आणि फाइल म्हणाल तर सगळ्या घराच्या चाळीसपट जड. प्रोग्रॅम पडणार नाही तर काय होईल? नाव काय, तर 'हलवू नका'. म्हटलं, तू तर हलतोसच.

११:४०ला डिलीट केला. तेराशेच्या तेराशे फ्रेम, एकदाही न पडता. टाळ्या झाल्या. थोरल्यांनी केक आणवला. ताई फोनवर म्हणाली, सुटली का बाळंतीण? फार हसलो दोघी.

गुरुवार, १३

रेंडर निवांत बघितला. चौथं दार बोटभर उघडं दिसलं. काल घट्ट बंद होतं. रंगवालीची मांजर पहिल्या खोलीत होती, ती पॅसेजमध्ये आलीय. मी सगळ्यांना विचारलं, कुणीच हलवलेली नाही.

दुपारी काकांच्या बायकोचा थोरल्यांना फोन आला. काका काल गेले. डॉक्टर म्हणे, तब्येत स्थिर होती, काही कारणच नव्हतं. पावणेबाराला पाच मिनिटं कमी होती, तेव्हा श्वास थांबला.

वरची नोंद दोनदा वाचली. योगायोग असतात, माणूस उगाच मनाला लावून घेतो.

शुक्रवार, १४

स्टुडिओच्या दारापाशी काकांचा फोटो लावलाय, मागच्या वर्षीच्या सहलीतला. चौकड्यांचा शर्ट. बाह्या वर सरकवलेल्या.

मी तडक जागेवर आले. परवाची जुनी प्रत काढून तो माणूस परत दारामागे आणून ठेवला. आला, पण नुसताच करडा आला, चेहरा नाही, आणि वजन कागदाएवढं. प्रोग्रॅम पडला नाही. दार वीतभर उघडलं.

शनिवार, १५

मांजर दारातून आत गेली. म्हणजे कुणी नेली नाही. आज फाइल उघडली, तर उंबऱ्यावर फक्त शेपूट होतं, आणि दुसऱ्यांदा उघडली तेव्हा तेही नव्हतं.

रंगवाली आज आली नाही. फोनवर रडत होती. सकाळी मांजर उशीवर मरून पडलेली. काल चांगली खेळत होती म्हणे.

घरी आले तर ताई म्हणाली, डाव्या हाताला मुंग्या आल्यात गं सकाळपासून.

सोमवार, १७

खुर्ची पॅसेजच्या मध्यावर होती. आता दारापासून चार पावलांवर आहे. दांड्यावरचा पंजा आता पंजा राहिला नाही, कोपरापर्यंत हात झालाय. मी एवढा ठेवला नव्हता. बाहीवर ताईच्या ब्लाउजची किनार दिसते.

ताईचा हात कोपरापर्यंत गार पडलाय. डॉक्टरांनी टोचून बघितलं, तिला कळलंच नाही. सगळे रिपोर्ट चांगले. ताई म्हणे, उजवा आहे ना, पोळ्या त्याने लाटेन, तुझं तोंड का उतरलंय? मी हसले. हसायला जमलं नाही नीट.

मला भीती वाटतेय. लिहूनच टाकते. मला खूप भीती वाटतेय.

मंगळवार, १८

१०:१५. खुर्ची डिलीट केली.

१०:१६. शेजारणीचा फोन. ताई स्वयंपाकघरात कोसळली, श्वास नाही —

Ctrl आणि Z. Ctrl आणि Z. दोनदा चुकीची बटणं दाबली.

१०:१८. खुर्ची परत आली. फोन चालूच होता. शेजारीण ओरडली की घेतला, घेतला श्वास.

म्हणजे काढताही येत नाही. म्हणजे काकांना मीच मारलं. ११:४० अशी वेळ लिहून. वर केक खाल्ला मी.

ते दार धरून उभे होते. पलीकडे जे काही आहे त्याच्याकडे पाठ करून, आठ महिने. प्रोग्रॅम पडायचा तो दोष नव्हताच, तीच कडी होती. ती मी काढली. मला त्याचाच पगार मिळतो.

बुधवार, १९

सगळे उलटे उपाय केले. जुने खराब ड्रायव्हर टाकले. पंखा बंद केला. अर्धी रॅम उपसली. प्रोग्रॅम पडत नाही. सकाळपासून विनवतेय, पड रे बाबा, पड. इतका पक्का करून ठेवलाय मी.

मशीन बंद ठेवलं, तरी फाइलची वेळ बदलत राहते. बंद मशीनमध्ये खुर्ची सरकते.

थोरल्यांना सांगितलं. ते म्हणाले, फार ताण घेतलात, दोन दिवस घरी बसा. वाईट नाहीत ते. त्यांना वेड्या बाईची दया आली.

खुर्ची दोन पावलांवर. खांदा दिसतो. ताई बोलते आहे, पण मध्येच शब्द सापडत नाही. मला आज 'अगं ही' म्हणाली. माझं नाव आठवेना.

गुरुवार, २०

ताईला सगळं सांगितलं, काकांच्या जागी आता मी उभी राहणार हेही. घाबरली नाही. मला म्हणाली, तू नाही जायचं, मी सत्तर वर्षं जगले. आणि लगेच विचारलं, कुठे जायचं म्हणत होतीस?

रंगवालीला बोलावलंय. फोटो तीच काढेल. मांजर गेल्यापासून तिला पटवायला लागत नाही. रडतेय, पण करते म्हणाली. नंतर नोकरी सोडणार आहे.

नाव नीट ठेवायचं. 'हलवू नका' कुणी ऐकत नाही, मीच ऐकलं नाही. स्पष्ट लिहिलंय: 'ही मी आहे, काढलंत तर मी मरेन'.

भिंतीला तळवे लावून उभी राहिले. कपाळ टेकलं. रंगवालीने चहूबाजूंनी फोटो काढले. चाळीस झाले. ती मला दारामागे टाकतेय — खुर्ची उंबऱ्याला लागलीय, चेहरा आलाय, ताईचे डोळे — लवकर, पोरी, लव

तारीख नाही

धप्प.

पडला! १२१२ला पडला. माझ्या तळव्यांना कळलं.

लिहिता येतंय. फाइल याच फोल्डरमध्ये आहे, मनात आणलं की अक्षरं उमटतात. शरीर दवाखान्यात असेल. दार जड आहे. माझ्या मागे जे आहेत, ते ढकलत नाहीत. ओढतात. हळू. मी मागे बघत नाही. काकाही बघत नव्हते, म्हणून कपाळ टेकलेलं.

तारीख नाही

दाराच्या फटीतून दिसतं. खुर्ची मध्यावर परत गेली. दांड्यावर नुसता पंजा उरलाय. ताई बरी आहे. बरी असणार.

तारीख नाही

बऱ्याच दिवसांनी फोल्डरमध्ये नवी फाइल. 'रुजू झालो एकदाचा! चहाचं मशीन झकास.' — हुशार दिसतो. टिपून ठेवायची सवय आहे.

तारीख नाही

त्याने लिहिलंय: 'आधीच्या बाई बेशुद्ध आहेत. त्यांची बहीण रोज फोन करून विचारते, प्रोग्रॅम पडतोय ना रे? पडतो म्हटलं, की देव भलं करो म्हणते. बिचारीचं डोकं फिरलंय.'

ताई. माझी ताई. तिला आठवतंय.

तारीख नाही

पेटी गेली. निम्म्या खोल्या गेल्या. परत आल्या. दुसऱ्या निम्म्या गेल्या —

अर्धं-अर्धं करतोय.

त्याने लिहिलंय: 'दहा फेऱ्यांत पकडतो. इथे वस्तूंना काय एकेक नावं देतात! एक तर आहे, ही मी आहे, काढलंत तर मी मरेन. हसून हसून'

खुर्ची आहे. दार आहे. मी आहे. बाकी काही नाही आता.

नाव वाच ना रे. विनोद नाही तो. ताईचा फोन घे, तिला विचार, ती सांगे —

हातांभोवती नारिंगी रे