टाकीतला भात

३ जून
नाशकात आले एकदाची. मखमलाबादच्या पुढे, झेंडूच्या मळ्याला लागून आमचं छोटं केंद्र आहे. गंगेवरचं (इथे गोदावरीला गंगाच म्हणतात) निर्माल्य आणि बाजारातला सडका भाजीपाला टाकीत पडतो. तो खाता खाता जिवाणू वीज सोडतात आणि टाकीवरचा दिवा लागतो. दिवा कसला, नुसती मिणमिण. पण मला कौतुक. राहायला बाजूचीच खोली. नोकरी पक्की झाली की येवल्याहून आईला आणणार. तिला आता एकटीला जमत नाही.

८ जून
कचरा निवडायला नवसाबाई आहेत. मला ताई म्हणतात आणि लेकीसारखं रागावतात. निर्माल्यात कधी दहाव्याचे पिंड येतात, कावळा न शिवलेले. लोक कंटाळून काठावरच टाकून जातात. नवसाबाई तो भात वेगळ्या पाटीत जमवून नदीत सोडून येतात. मला हसू आलं. जिवाणूंना भातासारखी मेजवानी कुठली?

११ जून
साहेब पाहणीला यायचे होते आणि दिवा विझलेला. नवसाबाईंची भाताची पाटी टाकीत रिकामी केली. दिवा असा पेटला की साहेबांनी डोळ्यांवर हात धरला. नोकरी पक्की. नवसाबाई तेवढ्या रडवेल्या झाल्या. म्हणाल्या, ताई, लय वाईट केलं, त्या गेलेल्यांची भूक राहिली हाय, आता ती कोणाकडं मागतील?

१५ जून
टाकीत नवीन काही टाकलेलं नाही, तरी दिवा भर दुपारी जळतोय. तारा काढून पाहिल्या. जळतोच. मी मात्र सारखी खातेय आणि पोट भरत नाही. सगळे ड्रेस सैल झाले. जेवले की दिवा आणखी वाढतो. भीती वाटतेय.

१८ जून
पळून जायचं ठरवलं. येवल्याच्या बसमध्ये बसले. कंडक्टरने तिकीट विचारलं नाही. एक बाई आली आणि माझ्याच जागेवर, माझ्यात — उतरले.
आईला फोन लावला. ती हॅलो, हॅलो म्हणत राहिली. मी ओरडत होते —

२० जून
नवसाबाई आल्या. मी हाक मारली. त्यांनी मान वर केली नाही.
भिंतीशी माझा फोटो ठेवलाय. झेंडूचा हार —
खिडकीत भाताचा गोळा, वर काळे तीळ. कुंपणावर कावळा. जवळ येत नाही. बरं आहे. येऊ नको.
नवसाबाईंनी हात जोडले. म्हणाल्या, ताई, आज दहावा तुझा, आईची काळजी करू नको, तिला आम्ही बघू.
कावळा उडाला. खिडकीत —
नको, मी अजून आईला —
चोच —