सारवलेली पिशवी

नवापूर, ता. ४ डिसेंबर १९३८

तीर्थस्वरूप गुलाबसिंग मामांच्या पायांवर भाचा अब्राहाम याचे लोटांगण (पाद्रीसाहेबांना लोटांगण खपत नाही, पण त्यांचे घोडे तुमच्या डोंगरावर चढत नाही). रेवामामींचे गुडघे, तांबडी गाय आणि यंदाचे भात ही तिन्ही बरी असावीत. हे पत्र वाचून दाखवणाऱ्या शाळेच्या गुरुजींनाही नमस्कार. गुरुजी, कंसातला मजकूर मोठ्याने वाचायचा नसतो. एवढे तुम्ही मागच्या खेपेस ध्यानात ठेवले असते तर मामी आज माझ्याशी बोलत असत्या.

गोवालचा खोकला गेला का, असे आपण विचारलेत. नाही गेला, मामा. वाढला आहे. तुमचा मुलगा मी माझ्या शब्दावर या वखारीत कामाला आणला, तेव्हा त्याच्या खोकल्याचा जबाब मलाच द्यायला हवा. पण तो द्यायचा तर आमच्या चुनीलाल शेठपासून सुरुवात करावी लागते, कारण इथे कोंबडासुद्धा शेठला विचारून आरवतो.

तुम्ही आला होतात तेव्हा सागाच्या खुर्च्या नि कपाटे घासायला चार बायका काचकागद घेऊन बसत. दसऱ्याआधी शेठने मुंबईहून घासायचे यंत्र मागवले. लोखंडाची मोठी थाळी, तिच्यावर काचकागद डकवलेला. तेलाच्या इंजिनाचा पट्टा चढवला की थाळी गरगर फिरते, फळी टेकवायचा अवकाश, लगेच गुळगुळीत. बायकांना शेठने दुसऱ्याच दिवशी घरी पाठवले. त्यांतली सोमीबाई नऊ वर्षांची जुनी, तिला जाताना एक नारळ दिला (तोही नासका निघाला). आता यंत्रापाशी माणूस कोण उभा करायचा, तर अंगाने दणकट आणि तक्रार न करणारा, म्हणून गोवाल. हे दोन्ही गुण त्याने मामींकडून घेतले आहेत, असे मामींना सांगावे.

या यंत्राबरोबर दुसऱ्या पेटीतून एक पंखाही आला होता. थाळी फिरली की लाकडाचे पीठ उधळते. त्यासाठी थाळीच्या तोंडाशी पत्र्याची नळी धरायची, पंखा तिच्यातून धूळ ओढतो आणि दुसऱ्या टोकाला बांधलेल्या कापडी पिशवीत भरतो. सोबतच्या कागदावर दोघांचे चित्र होते, अगदी बोहल्यावर उभे केल्यासारखे, आणि एकाशिवाय दुसरे चालवू नये अशी ताकीद. शेठने चित्र नीट पाहिले, मान डोलावली आणि पट्ट्यासाठी भिंतीला भोक पाडून पंखा पेढीवर आपल्या गादीमागे बसवला. त्यांना उकडत होते. पिशवी चांगली जाड होती, म्हणून तिचा शेठाणींनी वळकटीला अभ्रा केला आणि ती डाकोरची यात्रा करून आली. गोवाल मात्र महिनाभर त्या पिठात उभा राहिला. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा भुवया, केस, कान सगळे पिवळे, खंडोबाच्या जत्रेतून आल्यासारखा. आम्ही हसायचो. तोही हसायचा, आणि हसता हसता खोकायचा.

पुढे थंडी पडली, शेठची मान धरली, तेव्हा कुठे पंखा आमच्या वाट्याला आला. (आमच्या छातीसाठी नव्हे, शेठच्या मानेसाठी. उपकार फेडताना हा फरक विसरू नये.) मी नळी जोडली. पिशवी कुठून आणणार? गोणपाटाची शिवली आणि पेढीच्या भिंतीला टांगली, कारण दुसरीकडे जागा नव्हती. इंजिन सुरू झाले, पंख्याने धूळ अशी ओढली की मी मनात देवाचे आभार मानले. गोवालचे तोंड पहिल्यांदा स्वच्छ राहिले. पण गोणपाटच ते! त्याच्या विणीतून बारीक धूळ गळून भिंतीच्या भोकातून थेट पेढीवर जाऊ लागली. शेठ धावत आले. "मन्ही गादीवर धूळ येई ऱ्हायनी! हाई काय शे?" महिनाभर माणसाच्या छातीत गेली तेव्हा ती धूळ नव्हती, गादीवर पडली तेव्हा झाली.

मग शेठने अक्कल काढली. आपण धान्याची कणगी शेणमातीने सारवतो, तशी पिशवी सारवून टाका, म्हणजे कणही गळणार नाही. सारवली. दोन हात दिले, उन्हात खडखडीत वाळवली. खरोखर कणही गळेना. पेढी आरशासारखी झाली. शेठ खूश, व्यापारी पाहायला आले. पंखाही आता पूर्वीपेक्षा जास्त घुमतो, म्हणून सगळ्यांना वाटते तो फार काम करतो आहे. मी एकदा नळीच्या तोंडाशी पेटलेली विडी धरली (पाद्रीसाहेबांना सांगू नये). धूर सरळ वर गेला. मामा, पिशवीतून वारा बाहेर जायला जागाच उरली नाही, तर पंखा आत ओढणार काय? सगळे पीठ पुन्हा गोवालच्या नाकातोंडात. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याची थुंकी पाहिली, ती सागाच्या रंगाची होती. धुळीजवळ उभे राहू नकोस, एवढेच ते म्हणाले. तेवढे मलाही कळत होते.

मला या शेठची चीड येते. रात्रंदिवस येते. दुसऱ्याच्या श्वासावर गादी स्वच्छ ठेवणाऱ्या माणसाला काय म्हणावे, ते गुरुजींच्या तोंडून वदवणे बरे नव्हे. असो. थोरांना दंडवत, पोरांना पापा, आणि गायीला माझी आठवण.

आपला भाचा,
अब्राहाम

ता. क. : मामी फार आजारी आहेत असे सांगून तुम्ही येत्या बाजाराच्या दिवशी या आणि गोवालला घेऊन जा. परत पाठवू नका. माझे तो ऐकत नाही. (गुरुजी, मामींना आजारी असल्याची आधी कल्पना द्यावी, नाहीतर त्या विहिरीवर ठणठणीत उभ्या सापडतील.) मी बोलावले हे मात्र शेठच्या कानी जाऊ देऊ नका.

दुसरा ता. क. : गुरुजी, हे मामी उठून गेल्यावर फक्त मामांना वाचून दाखवा. मामा, पिशवी सारवायची अक्कल शेठची नव्हती. माझी होती. शेणही मीच कालवले. त्याबद्दल शेठने चार व्यापाऱ्यांसमोर मला पागोटे बांधले आणि त्या दिवसापासून सगळे मला मिस्त्री म्हणतात. विडीचा धूर सरळ गेला त्याला आज पंधरा दिवस झाले, पण पिशवी धुवा असे म्हणायला माझे तोंड उघडत नाही. गोवाल आधी नाकाला फडके बांधायचा. मी पिशवी सारवली तेव्हापासून त्याने ते सोडले आहे. दादाने केले आहे, आता धूळ कुठली, असे तो लोकांना सांगतो.