ताईच्या खोलीतल्या पिशव्या

१२ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी खोली मी बळकावली, हे आधीच कबूल करून टाकतो. ओरडायचं असेल तर पत्र संपल्यावर ओरड.

आमच्या ऑफिसात कारकून निम्मे करणार अशी कुजबुज आहे. साहेब माझ्याशी हसून बोलायला लागले, तेव्हाच मी काय ते ओळखलं. म्हणून फावल्या वेळात जोडधंदा काढलाय, मशरूमचा. तुझ्या खिडकीला काळा कागद लावलाय आणि छताला भुशाच्या चाळीस पिशव्या टांगल्यात. त्यांच्यावर दिवसातून चारदा पाणी फवारायचं, की झालं.

मी ऑफिसात असताना फवारायचं काम बाबांनी आपणहून घेतलं. टपाल वाटायचं सुटल्यापासून तीन वर्षं ते नुसते खिडकीशी बसून होते. आता हातात पंप घेऊन शीळ घालत फिरतात. सायकलवर घालायचे ना, तीच. घरात माणूस आल्यासारखं वाटतं.

पिशव्यांसोबत आलेल्या कागदावर लिहिलंय की खोलीत जाताना नाकातोंडावर फडकं बांधावं. तू शिवणकामातली, तेव्हा दोन मास्क शिवून धाड. शिलाई मागू नकोस.

तुझा
ढब्बू

२५ जून

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

माझ्या खोलीत आता बुरशी नांदणार, हे वाचून धन्य झाले. मी तिथे होते तेव्हा तरी कुणी चारदा विचारपूस केल्याचं आठवत नाही.

दोन मास्क धाडते आहे. निळा बाबांचा. त्यांच्या जुन्या गणवेशाचा तुकडा माझ्याकडे होता, त्याचाच शिवलाय, दुहेरी. बंद लांब ठेवलेत. ते घालतात की नाही यावर लक्ष ठेव. त्यांना काही सांगितलं की हो म्हणतात आणि आपलंच करतात, तुला ठाऊक आहे. नोकरीचं कळव.

माया आहे तशीच आहे, खोली घेतलीस तरी.

तुझी ताई

८ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

धंदा चालला! चौकातला हॉटेलवाला सगळा माल उचलतो आणि आणखी मागतो. नोकरी गेली तर जाऊ दे, असं काल मी आरशासमोर म्हणून पाहिलं.

श्रेय बाबांचं. कागदावर लिहिलंय की कडा वळलेल्या असतानाच मशरूम काढावेत. बाबा म्हणाले, घाई कशाला, दोन दिवस थांबू. ते बशीएवढे होतात आणि वजनाला चांगले भरतात. मग खाली पांढरी भुकटी पडते, पिठासारखी. ती बाबा रोज झाडून काढतात.

मास्कचं विचारलं होतंस. तो बांधला की शीळ घालता येत नाही, म्हणून त्यांनी नीट घडी करून कपाटात ठेवलाय. मला हसूच आलं. हवा बदलल्याने खोकला झालाय, बाकी मजेत आहेत.

तुझा
धंदेवाईक ढब्बू

१५ सप्टेंबर

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

एकच विचारते. बाबा अजून शीळ घालतात का? खरं लिही.

तुझी ताई

२ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नाही घालत. कधीपासून, तेही मला सांगता येत नाही. तुझं पत्र वाचून मी पहिल्यांदा कान दिला.

शेजारच्या मास्तरीणबाई म्हणाल्या की बाबा जिन्यात दोनदा बसतात. मी यायच्या वेळेला तोंड धुऊन, केस विंचरून खुर्चीत बसलेले असतात, खोकला आवरून. फावला वेळ माझा, दिवस सगळा त्यांचा. हे मला दिसायला हवं होतं.

डॉक्टर म्हणाले, ती भुकटी छातीत बसली आहे. मी त्याच दिवशी सगळ्या पिशव्या काढल्या, खोली धुतली, हॉटेलवाल्याला नाही म्हणून सांगितलं. बाबा दारात उभे राहून पाहत होते. ते फक्त एवढंच म्हणाले, की आता उद्या मी काय करू?

मास्क त्यांना मी बांधायला हवा होता. तू सांगितलं होतंस.

ढब्बू

२१ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तर द्यायला हात धजत नव्हता.

खोली रिकामी करूनही बाबांचा दम वाढतच गेला. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, घरात काही उरलंय का? मी दोन्ही वेळा छातीठोकपणे नाही म्हणालो. सोमवारी बाबांची चादर बदलताना खाटेखाली हात गेला. तिथे एक पिशवी होती, ओली, भरघोस फुललेली. तिच्या तोंडाला तू शिवलेला निळा मास्क बांधला होता, चिलटं बसू नयेत म्हणून.

मी ओरडलो, ताई. आजारी माणसावर ओरडलो. ते म्हणाले, की एकोणचाळीस नेल्यास, मी काही बोललो नाही, एक तरी राहू दे. मी पिशवी बाहेर फेकली. मग ते भिंतीकडे तोंड करून निजले, ते दोन दिवस जेवले नाहीत.

बुधवारी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी छातीचा फोटो पाहिला आणि म्हणाले, की आता पिशवी असली काय, नसली काय, सारखंच. फार तर महिना.

मी घरी आलो, कचऱ्यातून पिशवी उचलली, झटकली आणि त्यांच्या उशाशी स्टुलावर ठेवली. पंप भरून त्यांच्या हातात दिला. दांडा दाबायची ताकद नाही, म्हणून माझं बोट त्यांच्या बोटावर ठेवतो. दिवसातून चारदा. ऑफिसात रजा टाकली आहे, नोकरी राहील की नाही हे विचारायलाही गेलो नाही.

काल फवारताना त्यांनी शीळ घालायला ओठ पुढे केले. नुसता वारा आला. पण त्यांनी मान डोलावून पूर्ण चाल म्हटली, आणि मी पंप धरून उभा होतो.

पत्र मिळताच निघ. बाबा विचारत होते, मास्क ताईनं पाहिला तर रागावेल का. तूच येऊन सांग.

ढब्बू